नाण्यांच्या दुकानात हात कुठे ठेवायचे

नाण्यांच्या दुकानातले बहुतेक अलिखित नियम एकाच कारणातून आलेत. माल मुठीत मावतो, एकासारखा दुसरा दिसतो, आणि अदलाबदल झालीच तर ती दोघांपैकी कुणालाच सिद्ध करता येत नाही. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने उठलात तर दुकानदार फार तर मनातल्या मनात चार शिव्या घालेल. इथे ट्रेमध्ये एक नाणं कमी भरलं की संशय कुणावर घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि तो गिऱ्हाइकालाही नको असतो, शेठलाही. दोघांचे हात दोघांना सतत दिसत राहिले पाहिजेत, बाकी सगळं त्यानंतर.

मुंबईत हा धंदा मुख्यतः फोर्ट आणि झवेरी बाजाराच्या आसपास आहे. बऱ्याच डीलरांचं दुकान म्हणजे जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, टेबल, तिजोरी आणि तीन खुर्च्या. बाहेर पाटी असेलच असं नाही. फोन न करता गेलात तर कुलूप बघून परत यायची तयारी ठेवा, कारण प्रदर्शनं बहुधा शुक्रवार ते रविवार असतात आणि डीलर तेव्हा दुसऱ्या शहरात टेबल लावून बसलेला असतो. झवेरी बाजार रविवारी बंद, चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची बरीच दुकानं शुक्रवारी बंद. धनत्रयोदशीच्या आठवड्यात आजोबांचा गठ्ठा घेऊन झवेरी बाजारात जाऊ नये. गर्दीत कुणालाही भिंग लावायला वेळ नसतो आणि तुमच्या चांगल्या रुपयालाही मोडीचाच, म्हणजे नुसत्या चांदीच्या वजनाचाच, भाव सांगितला जातो.

फोनवर नेमकं बोलावं. ‘जुनी नाणी आहेत, बघता का?’ या प्रश्नाला बहुतेक डीलर कंटाळलेले असतात. ‘राणीछाप ४०, राजाछाप २५, तांब्याची साधारण दोन किलो, विकायचीत’ असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच वेळ देतो (राणीछाप म्हणजे व्हिक्टोरियाचे रुपये, राजाछाप तिच्यानंतरच्या राजांचे). घ्यायला जाणार असाल तर काय शोधताय आणि खिसा किती आहे हे सांगून टाकावं. बजेट सांगितलं की शेठ भाव वाढवतो ही समजूत घेऊन लोक येतात आणि मग तासभर भलतेच ट्रे बघत बसतात.

दुकानात जाताना दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. मोठी बॅग दाराशी किंवा खुर्चीखाली ठेवावी, मांडीवर नाही. शर्टाच्या सैल बाह्या दुमडून घ्याव्या. पावसाळ्यात छत्री बाहेर ठेवून हात रुमालाने कोरडे करून मगच बसावं. ओल्या बोटाचा ठसा तांब्यावर उमटला की काही आठवड्यांत तिथे काळा डाग दिसतो, आणि तो कायमचा असतो. वडापाव खाऊन आलेला हात तर नकोच. स्वतःजवळ आधीच काही नाणी असतील, जुळवून बघायची असतील, तर ती बसल्याबसल्याच टेबलावर दाखवावी: ‘शेठ, ही दोन माझी आहेत.’ निघताना खिशातून नाणं काढून ‘हे माझंच आहे’ म्हणायची वेळ येऊ देऊ नये.

आता ट्रे. एका वेळी एकच ट्रे पुढे येतो, दुसरा मागायच्या आधी पहिला परत जातो. नाणं उचलायचं ते विचारून. कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरायचं. दोन्ही बाजूंच्या सपाट भागाला बोट लागता कामा नये. हात ट्रेच्या किंवा मखमली पॅडच्या वर दोन बोटं उंचीवर ठेवायचा, म्हणजे निसटलं तरी मऊ जागी पडेल. नाणं तोंडापुढे धरून बोलू नये, कारण थुंकीचे बारीक तुषार चांदीवर डाग पाडतात. एक बघून झालं की ते जिथून उचललं तिथेच ठेवायचं आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं, अशी तुलना जुन्या गिऱ्हाइकालाही शोभत नाही. दोन्ही पॅडवर शेजारी ठेवून बघावं. परत देताना हातात देऊ नये. पॅडवर ठेवावं, समोरच्याने उचलावं. हातातून हातात देताना पडलं तर पाडलं कुणी, यावर वाद होतो.

पुठ्ठ्याच्या टू बाय टू होल्डरमधलं नाणं स्वतः काढू नये. त्याच्या स्टेपल पिना निघताना नाण्यावर ओरखडा काढतात, आणि मग ते नाणं तुमचं. कडा बघायची असेल तर ‘काढून दाखवता का?’ असं विचारावं. महाग नाणं असेल तर हे विचारायलाच हवं, कारण कानशीचे घाव, जोड आणि ओवण्यासाठी लावून नंतर उखडलेल्या कडीची खूण, सगळं कडेवरच असतं. स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं, नाणं काढायचा प्रश्नच येत नाही. तिथे लेबलवरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकून बघायला परवानगी मागा, कुणी नाही म्हणत नाही. स्लॅबही खोटे बनतात, त्यामुळे साइटवरच्या फोटोतलं नाणं आणि हातातलं नाणं एकच आहे का हे ओरखड्यांवरून जुळवावं.

स्वतःचं दहापट भिंग आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा जवळ असणं चांगलं, पण बाहेर काढण्याआधी विचारा. चांगला डीलर उलट खूष होतो. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. वापरून झिजलेला ११.४ च्या आसपास भरतो. १०.८ भरला तर तो झिजेने सहसा एवढा उतरत नाही. काहीतरी गडबड आहे. ओतून केलेल्या नकली रुपयाच्या अक्षरांच्या मुळाशी भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात आणि कडेच्या दातांवरून एक बारीक जोडरेघ फिरलेली असते. १९३९ चा चांदीचा रुपया आणि १९११ चा, ज्यावरच्या हत्तीला लोक डुक्कर समजले तो, या दोन्हींत नकली माल भरपूर फिरतो. तिथे काटा न लावता पैसे देणं हा भाबडेपणा झाला. काउंटरवर आपटून, वाजवून बघायची जुनी सवय मात्र घरी ठेवून यावी. त्याने कडेला खोक पडते.

भिंगाखाली मुद्दाम बघायची दुसरी गोष्ट म्हणजे काढलेली कडी. आपल्याकडे रुपये माळेत ओवले गेले, बाळाच्या गळ्यात बांधले गेले, त्यामुळे राणीछापच्या डोक्यावर डाक लावलेली कडी असणं नेहमीचं. कुणीतरी ती उखडतो, घासतो, वर काळपट रंग आणतो. रुपया उजेडात आडवा धरून कडेने हळूहळू फिरवा: सगळीकडे सरळ दाते दिसतात आणि मुकुटाच्या वर तीन-चार मिलिमीटरची जागा अचानक गुळगुळीत होते. तिथली चांदी जरा पिवळसर, दाणेदार. असा रुपया म्हणजे मोड, मग साल कुठलंही असो. हे दिसलं तर मोठ्याने ‘हे तर डुप्लिकेट आहे’ म्हणू नका. दुकानात दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असतं. बोट दाखवून ‘इथे कडी होती का?’ एवढं विचारलं तरी शेठला कळतं की तुम्हाला कळलंय.

घासाघीस चालते. पण तिची एक रीत आहे. सांगितलेल्या भावाच्या एकतृतीयांशाने सुरुवात करणं हे इथे अडाणीपणाचं लक्षण मानतात. नाण्याची बाजू मांडून बोला: उजवीकडे कडेला मार आहे, धुतलेलं दिसतंय, म्हणून एवढं देतो. आकडा बोललात आणि समोरून ‘चला, घ्या’ आलं, तर घ्यायचंच. तिथे ‘विचार करून सांगतो’ म्हणणारा माणूस पुढच्या वेळी फक्त कॉमन ट्रे बघतो. लिलावातला भाव सांगायचा तर पूर्ण सांगा. हातोडा पडलेल्या रकमेवर लिलाव कंपनीचं कमिशन आणि कर चढतो, त्यामुळे नुसता हातोड्याचा आकडा घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. ऑनलाइन कुणीतरी मागितलेली किंमत तर पुरावाच नाही. मागायला काय जातंय!

आणि ही एक गोष्ट कधीही करू नये. दुसरा माणूस नाणी विकायला आलाय, त्याचं शेठशी बोलणं चाललंय, आणि तुम्ही मधेच ‘याचे बाहेर जास्त येतात’ म्हणालात, किंवा तो जिना उतरताना त्याला गाठून ‘मी दोनशे जास्त देतो’ म्हणालात, तर ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या फोर्टात पोचते. त्यानंतर दारं उघडी राहतात, पण तिजोरी उघडत नाही.

विकायला जाणाऱ्यांचं वेगळं. त्यांचं नुकसान बहुधा दुकानात होतच नाही, घरीच झालेलं असतं: पितांबरी, चिंच, राख, टूथपेस्ट. देव्हाऱ्यातले आणि लक्ष्मीपूजनातले रुपये दर दिवाळीला घासून लखलखीत केलेले असतात, आणि घेऊन येणारा म्हणतो, बघा, कसा नव्यासारखा आहे. संग्राहक पैसे देतो ते मूळ पृष्ठभागाला. टांकसाळीत ठसा पडताना धातू वाहतो आणि त्याने जी फिरती झळाळी येते ती घासल्यावर जाते, मागे राहतात हजारो समांतर ओरखडे. बारीक खुणाही पुसतात. १८६२ हे साल रुपयांवर पुढे बरीच वर्षं तसंच ठेवलं गेलं, आणि मुंबई टांकसाळीने तारखेजवळ टाकलेले ठिपके मोजूनच हौशी लोक एका १८६२ चा दुसऱ्या १८६२ पासून फरक करतात. ठिपका घासला की ओळख गेली. हळदकुंकू लागलेलं असेल तर तसंच आणा. तेल, पंचामृत, काजळी, काहीही असो, काय काढायचं आणि कशाने हे डीलरला ठरवू द्या.

घरी करायचं ते एवढंच: वर्गवारी आणि यादी. चांदी कुठली, निकेल कुठलं, हे चुंबकाने पाच मिनिटांत कळतं. १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा म्हणून आणणारे पुष्कळ; तो निकेलचा आहे आणि चुंबकाला चिकटतो. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे पूर्ण वजनाच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. गांधीजींच्या १९६९ च्या दहा रुपयांच्या नाण्यात १५ ग्रॅमपैकी १२ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव घेऊन गुणाकार केला की खालची पायरी तुमच्या हातात असते, त्याच्या खाली कुणी बोललं तर निमूट उठावं. प्रजासत्ताकाची नाणी असतील तर सालाखालची खूणही लिहा: हिरा मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नॉइडा, काहीच नाही ते कोलकाता. एकाच सालाचं एका टांकसाळीचं नाणं ढिगाने मिळतं आणि दुसऱ्याचं शोधावं लागतं, असं होतं.

यादीबरोबर प्रत्येक बऱ्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. हे संशयापोटी नाही. वीस नाणी टेबलावर पसरली की आपलं कुठलं नि ट्रेमधलं कुठलं हे भल्याभल्यांना उमगत नाही.

काही गोष्टी घेऊन गेल्याने फक्त चहा मिळतो. पाच, दहा, वीस, पंचवीस पैसे (पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली, म्हणून ती दुर्मीळ झाली असं नाही). वैष्णोदेवीची पाच-दहाची नाणी, ट्रॅक्टरची नोट, ७८६ ची नोट. यूट्यूबवर यांचे लाखो रुपये सांगतात. दुकानात तो व्हिडिओ दाखवून भांडू नये. असे ‘खरेदीदार’ आधी रजिस्ट्रेशन फी, मग कर म्हणून पैसे मागतात, आणि रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून चाललेल्या या फसवणुकीबद्दल बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती. तांदूळ ओढून घेणारं नाणं हा निव्वळ ठगांचा धंदा. राम दरबार किंवा हनुमान कोरलेले, १८१८ साल घातलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी’चे जाड तुकडे कंपनीने कधीच पाडले नाहीत, ते देवघरात ठेवा, पूजा करा, विकायला नेऊ नका.

शिवराईबद्दल जरा सांभाळून. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असं वाचलं की मन भरून येतं, हे साहजिक आहे. पण शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ, पेशवाईत आणि त्यापुढेही पाडली गेली. डीलर ‘ही उशिराची आहे’ म्हणतो तेव्हा तो तुमच्या श्रद्धेवर बोलत नसतो, अक्षरांच्या वळणावर बोलत असतो. सोन्याचा शिवकालीन होन तर जगात मोजकेच माहीत आहेत. गडाच्या पायथ्याशी कुणी दिला असेल तर दुकानात त्याचं नाव न काढलेलंच बरं.

भावाच्या बोलण्यात पहिलाच प्रश्न स्पष्ट करावा: आज विकायचंय, की नुसता अंदाज हवाय? अंदाज हवा असेल तर तसं सांगा, वेळेचे पैसे विचारा. दहा दुकानांत फुकट अंदाज घेत फिरणारा माणूस ओळखू येतो आणि त्याला मुद्दाम फुगवून भाव सांगणारेही असतात, कारण तो विकणार नाहीच हे त्यांना माहीत असतं. खरा सौदा असेल तर दोन-तीन ठिकाणी दाखवणं रास्त आहे. फक्त एकाचा भाव दुसऱ्याला नावासकट सांगू नये.

कॉमन नाण्याला डीलरच्या विक्रीच्या भावाच्या निम्म्यापर्यंत ऑफर आली तरी ती लूट नसते. ते नाणं त्याच्याकडे दोन वर्षं पडून राहणार असतं. पटकन खपणाऱ्या नाण्याला वरचा टक्का मागा. मोठी चूक होते ती वेगळीच: डीलर गठ्ठ्यातली चार उत्तम नाणी बाजूला काढून त्यांचा चांगला भाव देतो, आणि उरलेली शंभर तुमच्या गळ्यात राहतात, जी आता कुणालाच नको असतात. म्हणून दोन आकडे मागा, सगळ्या लॉटचा आणि या चारांचा. चार फारच चांगली निघाली तर ती लिलावात द्यायचा विचार करा. तिथे कमिशन कापलं जातं आणि पैसे काही महिन्यांनी येतात, पण दुर्मीळ नाण्याला दोन बोली लावणारे भेटले तर फरक मोठा पडतो.

नाणी बघायला ठेवून जायची वेळ आली तर नग, वजन आणि शेठची सही असलेली चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नये. यात अपमान कसला? तो स्वतःही दुसऱ्या डीलरकडे माल ठेवताना चिठ्ठी घेतो. तसंच तुमचं ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. चोरीचा माल घेतला तर तो अडकतो. वडिलोपार्जित नाणी असतील तर भावंडांशी आधी बोलून जा; विकल्यावर आठवड्याने धाकटा भाऊ दुकानात येऊन दंगा करतो, हा प्रकार प्रत्येक जुन्या डीलरने पाहिलेला असतो. झवेरी बाजारात चांदी म्हणून विकत असाल तर ‘कानस लावू नका, कसोटीवर घासू नका’ हे नाणं हातात द्यायच्या आधी बोला. तो त्याच्या सवयीने घासून मोकळा होतो.

शेतात, पाया खणताना हंडा सापडला असेल तर तो दुकानात नेऊच नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि कुठलाही शहाणा डीलर मातीची नाणी बघून खुर्ची मागे सरकवतो. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून शंभर वर्षांहून जुनं नाणं पाठवणंही नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते देशाबाहेर नेता येत नाही.

पैशांचं शेवटी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, दोन बिलं फाडून चालत नाही. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाख असते, त्यामुळे मोठ्या रकमेला बँकेची वेळ बघून जा. विकताना पैसे आले का हे स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर नाही, आणि तोवर नाणी पॅडवर दोघांच्या मधे राहू द्या. घेताना बिलावर साल, टांकसाळ, वजन आणि ‘अस्सल’ एवढे शब्द लिहून घ्या. नकली निघालं तर किती दिवसांत परत घेणार हेही तिथेच लिहून मागा. नाणं मऊ, तेलकट वासाच्या पीव्हीसी पाकिटात दिलं असेल तर घरी गेल्यावर त्याच दिवशी काढा. मुंबईच्या दमट हवेत ते प्लास्टिक सुटून नाण्यावर हिरवा चिकट थर धरतं. मायलरचं पाकीट किंवा गोल कॅप्सूल त्याच दुकानात थोडक्या पैशांत मिळते, तिथेच मागून घ्यावी.